स्क्लेरोसिस : एक नाव, अनेक रोग
निदान आणि उपचारांतील संशोधनाची वाटचाल

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत एका साथीच्या छायेत आकारास आली. १८९६ साली मुंबईत सुरू झालेला प्लेग १८९८ मध्ये बेंगळुरूस पोहोचला. दाटीवाटीच्या जुन्या पेठांतील लोकांना मोकळी हवा आणि रुंद रस्ते मिळावेत, या हेतूने म्हैसूर संस्थानाच्या सरकारने शहराच्या उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी या वसाहती उभ्या करण्यास चालना दिली. नंदीच्या ज्या प्राचीन मंदिरावरून बसवनगुडीला नाव मिळाले, त्याच मंदिराच्या रस्त्यावर डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली स्थापन केलेली गोखले सार्वजनिक व्यवहार संस्था आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची ही संस्था मराठी वाचकांना या परिसराची सहज ओळख पटवून देते.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. कारण कळल्यावर उपायाची दिशाही मिळाली आणि जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. योगायोग असा की, त्याच १८९४ साली फ्रान्समधील लिआँ येथे यूजीन डेव्हिक यांनी डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू यांना एकाच वेळी ग्रासणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. त्या विकाराचे कारण सापडण्यास मात्र २००४ साल उजाडावे लागले. एका रोगाचे मूळ सापडल्यावर तीन वर्षांत लस तयार झाली. दुसऱ्याच्या मुळापर्यंत पोहोचण्यासच एकशे दहा वर्षे लागली.

बसवनगुडीच्या पूर्वेस लालबाग आहे आणि त्यापलीकडे होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, आहे. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि संस्थानी काळापासूनचे मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ही संस्था निर्माण झाली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. मेंदू व चेतासंस्थेच्या ज्या विकारांचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, त्यांचा अभ्यास येथे होतो. स्क्लेरोसिस या नावाने ओळखले जाणारे अनेक विकार याच प्रकारात मोडतात. प्रस्तुत लेखात या विकारांचे निदान, उपचार आणि त्यांच्याशी निगडित सार्वजनिक धोरण यांचा परामर्श घेतला आहे.

नावाचा अर्थ आणि त्यातील फसगत

ग्रीक भाषेतील कठीण या अर्थाच्या शब्दावरून स्क्लेरोसिस ही संज्ञा तयार झाली. शरीरातील मऊ ऊती रोगामुळे घट्ट व निबर होणे, म्हणजे काठिण्य येणे, एवढाच तिचा मूळ अर्थ होय. एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यांच्या हाताला मेंदूत वा मज्जारज्जूत जे कठीण भाग लागले, त्यांवरून रोगांना नावे पडली. साहजिकच, नाव हे रोगाच्या अंतिम अवस्थेचे वर्णन ठरले. रोगाचे कारण त्यातून कळत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला करते. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसमध्ये स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय विकार आहे. सिस्टिमिक स्क्लेरोसिसमध्ये त्वचा व अंतर्गत इंद्रिये कठीण होतात. मेशियल टेम्पोरल स्क्लेरोसिस हे अपस्माराचे एक महत्त्वाचे कारण आहे. रक्तवाहिन्यांच्या काठिण्याचा, म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिसचा, यांच्याशी नावापलीकडे संबंध नाही. या सर्वांवर एकच औषध शोधणे निरर्थक आहे. योग्य प्रकार योग्य वेळी ओळखणे हाच उपचाराचा पहिला आणि अनेकदा निर्णायक टप्पा ठरतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ मार्तिन शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसे चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे संदेश वेगाने व बिनचूक पोहोचतात. या विकारात प्रतिकारशक्तीच्या पेशी हे वेष्टन नष्ट करतात. मेंदू व मज्जारज्जूत ठिकठिकाणी व्रण पडतात आणि ते भरून येताना कठीण होतात. ज्या ठिकाणी व्रण, त्याप्रमाणे लक्षणे दिसतात : एका डोळ्याने धूसर दिसणे, डोळा हलविताना दुखणे, लाल रंग फिका वाटणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा, तोल जाणे आणि कमालीचा थकवा. बहुसंख्य रुग्णांत ही लक्षणे काही आठवडे राहून ओसरतात व पुढे पुन्हा उद्भवतात.

हा रोग बहुतेक वेळा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांदरम्यान सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट वा त्याहून अधिक आढळते. शिक्षण, नोकरी, विवाह यांचे निर्णय याच वयात होतात. स्पर्धा परीक्षांची तयारीही याच वयात केली जाते. अभ्यासिकेत बसलेल्या विद्यार्थ्याला एका डोळ्याने अक्षरे पुसट दिसू लागली, तर जागरण, चष्म्याचा नंबर, ताण अशी कारणे सहज सुचतात. काही दिवसांत दृष्टी सुधारली की प्रकरण विसरले जाते. पहिला झटका अशा प्रकारे नोंदीविना निघून जातो आणि निदान पुढच्या झटक्यापर्यंत लांबते.

निदानाच्या दृष्टीने १९८१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित चित्रणाने, म्हणजे एमआरआयने, या रुग्णांच्या मेंदूतील व्रण प्रथमच स्पष्टपणे दिसले. तोपर्यंत जिवंत माणसाच्या मेंदूतील बहुतेक व्रण अनुमानानेच जाणावे लागत. या तंत्राच्या पायाभूत संशोधनाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००१ मध्ये इयान मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञगटाने निदानाचे निकष ठरविले. त्यांचे सूत्र दोन शब्दांत सांगता येते : स्थळ आणि काळ. चेतासंस्थेच्या एकाहून अधिक भागांत व्रण असले पाहिजेत आणि ते वेगवेगळ्या वेळी निर्माण झाल्याचा पुरावा असला पाहिजे. शिवाय ही लक्षणे अन्य कोणत्याही रोगाने अधिक चांगल्या प्रकारे स्पष्ट होत नसावीत. हे निकष २००५, २०१० व २०१७ मध्ये सुधारण्यात आले. २०१७ च्या सुधारणेने पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या द्रवातील विशिष्ट प्रथिनपट्ट्यांना काळाच्या पुराव्याची जागा दिली. २०२४ ची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात डोळ्यांच्या नसेचा स्वतंत्र स्थान म्हणून समावेश झाला असून, व्रणाच्या मध्यभागी दिसणारी सूक्ष्म शीर हे चिन्हही उपयोगात आणले आहे. प्रत्येक सुधारणेचा उद्देश निदान लवकर व्हावे, पण चुकीचे होऊ नये, हा आहे.

रोगाच्या कारणांचा शोधही पुढे सरकला आहे. अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या साठविलेल्या रक्तनमुन्यांवर आधारित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पटींनी वाढत असल्याचे त्यात आढळले. या विषाणूचा संसर्ग जगातील बहुतेक प्रौढांना होऊन गेलेला असतो आणि त्यांतील अत्यल्प लोकांनाच हा रोग होतो. म्हणून विषाणू हे आवश्यक कारण असू शकते, पुरेसे कारण नव्हे. आनुवंशिकता, ड जीवनसत्त्वाची कमतरता व धूम्रपान हे घटकही त्यास साहाय्यभूत ठरतात.

उपचारांचे दोन भाग आहेत. झटका आला असता स्टेरॉइडने दाह शमविला जातो. पुढील झटके टाळण्यासाठी दीर्घकालीन औषधे द्यावी लागतात. १९९३ पर्यंत या दुसऱ्या भागासाठी मान्यताप्राप्त औषधच नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला, १९९६ मध्ये ग्लॅटिरामरला, २०१० मध्ये तोंडाने घ्यावयाच्या फिंगोलिमॉडला आणि २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅबला मान्यता मिळाली. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी मान्यता मिळविणारे ऑक्रेलिझुमॅब हे पहिले औषध होय. ही औषधे रोग मुळासकट घालवीत नाहीत. झटक्यांची संख्या कमी करतात व अपंगत्व लांबवितात. म्हणूनच ती लवकर सुरू होण्यास महत्त्व आहे.

किमतीच्या प्रश्नात भारतीय औषधउद्योगाचे स्थान लक्षणीय आहे. कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅबचे जैवसदृश रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणले. ऑक्रेलिझुमॅबप्रमाणेच हे औषध बी पेशींवर काम करते. हैदराबादच्याच नॅटको कंपनीच्या सहभागाने तयार झालेल्या ग्लॅटिरामरला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या आदर्श सूचीत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी प्रथमच तीन औषधांचा समावेश केला : क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. हा रोग केवळ श्रीमंत देशांचा नाही, याची ही आंतरराष्ट्रीय नोंद होय.

एकशे दहा वर्षांचे कोडे

आता डेव्हिक यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या विकाराकडे वळू. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या नावाने तो ओळखला जातो. लक्षणे मल्टिपल स्क्लेरोसिससारखीच असल्यामुळे तो त्याचाच आशियाई प्रकार आहे, असा समज दीर्घकाळ होता. २००४ मध्ये अमेरिका व जपानमधील संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले. चेतासंस्थेतील पेशींच्या पृष्ठभागावर पाण्याची ये-जा नियंत्रित करणारे ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन असते. हे प्रतिपिंड त्यावरच हल्ला करते, हे लवकरच स्पष्ट झाले. म्हणजे हा रोग पूर्णपणे वेगळा होता.

हा फरक केवळ वर्गीकरणापुरता नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयुक्त ठरणारी इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमॉड व नॅटालिझुमॅब ही औषधे न्यूरोमायलायटिसच्या रुग्णास अपाय करू शकतात. या रोगाचा एकच झटका दृष्टी वा चालण्याची शक्ती कायमची हिरावून घेऊ शकतो. नावात झालेली चूक येथे थेट औषधाच्या चुकीत रूपांतरित होते. मज्जारज्जूत तीन वा अधिक मणक्यांच्या लांबीचा सलग व्रण दिसल्यास प्रतिपिंडाची तपासणी करणे म्हणूनच आवश्यक मानले जाते. पुढे मॉग या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाशी निगडित असा तिसरा रोगही वेगळा ओळखला गेला आणि त्याचे निकष २०२३ मध्ये निश्चित झाले.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील मंगळूर येथे डॉ. लेखा पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. मंगळूर शहरात त्यांनी केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ८, तर न्यूरोमायलायटिसच्या गटातील विकारांचे लाखामागे २ ते ३ आढळले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे दुसऱ्या रोगाचा सापेक्ष वाटा मोठा आहे. म्हणून परदेशातील उपचारपद्धती जशीच्या तशी उचलणे आपल्याला परवडणारे नाही.

एएलएस आणि बेंगळुरूचे योगदान

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एएलएस, या विकाराचे नावही शार्को यांनीच १८७४ मध्ये रूढ केले. यात मेंदूतील व मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट होतात. हाताची पकड सैल होणे, जीभ जड होणे, स्नायू फडफडणे व झिजणे असा क्रम दिसतो. बुद्धी बहुतांश रुग्णांत शाबूत राहते. शेवटी श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. बहुतेक रुग्णांचे आयुष्य लक्षणे सुरू झाल्यापासून तीन ते पाच वर्षांचे असते. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग १९६३ मधील निदानानंतर २०१८ पर्यंत जगले, तो विरळा अपवाद होय.

या रोगासाठी रक्ताची वा चित्रणाची एकही निर्णायक चाचणी नाही. रुग्णाची बारकाईने तपासणी, स्नायूंतील विद्युत्-हालचालींची नोंद आणि अन्य रोगांचा निरास यांवर निदान उभे असते. १९९४ चे एल एस्कोरियल निकष गुंतागुंतीचे होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्ड कोस्ट निकषांनी ते सोपे केले.

अन्य रोगांचा निरास या शब्दांचे महत्त्व बेंगळुरूच्या एका संशोधनातून उत्तम प्रकारे कळते. निम्हान्समधील डॉ. एम. गौरीदेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एका वेगळ्या रुग्णगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण प्रामुख्याने तरुण पुरुष होते. त्यांचा एकच हात किंवा एकच पाय झिजत जाई. काही वर्षे झीज वाढे आणि नंतर थांबे. या विकारास त्यांनी मोनोमेलिक अमायोट्रॉफी, म्हणजे एका अवयवापुरती स्नायूंची झीज, असे नाव दिले. हाताच्या अशाच झिजेचे वर्णन जपानमध्ये हिरायामा यांनी १९५९ मध्ये केले होते. मान पुढे वाकविली असता मज्जारज्जूवर दाब येतो, हे हाताच्या प्रकारातील एक कारण नंतर मान वाकवून काढलेल्या एमआरआयमधून स्पष्ट झाले. अशा रुग्णांना मानेचा पट्टा वापरण्याचा सल्ला दिला जातो. त्याआधी १९७० मध्ये मद्रासच्या वैद्यांनी तरुण वयात सुरू होणाऱ्या, चेहरा व श्रवणशक्ती यांनाही ग्रासणाऱ्या आणि तुलनेने मंद गतीच्या एका प्रकाराची नोंद केली होती. तो आज मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज म्हणून ओळखला जातो.

हात झिजत चाललेल्या वीस वर्षांच्या तरुणाला एएलएस आहे असे सांगणे आणि हा विकार काही वर्षांत थांबेल असे सांगणे, या दोन वाक्यांत एका आयुष्याचे अंतर आहे. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे काळजीपूर्वक ठेवाव्या लागल्या. विकसनशील देशातील संशोधन म्हणजे केवळ महागड्या यंत्रांचे संशोधन नव्हे, हा बोध यातून घेता येतो. याच संस्थेत १९९५ मध्ये मानवी मेंदूपेढी सुरू झाली. मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंच्या ऊती तेथे संशोधनासाठी जतन केल्या जातात.

एएलएसवरील उपचारांत मात्र यश मर्यादित आहे. १९९५ मध्ये मान्यता मिळालेल्या रिल्युझोलने आयुष्य काही महिन्यांनी वाढते. २०१७ मध्ये अमेरिकेत एडारावोनला मान्यता मिळाली. २०२२ मध्ये तेथेच मान्य झालेले एक संयुक्त औषध पुढील मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरल्याने २०२४ मध्ये कंपनीने मागे घेतले. दुसरीकडे, एसओडी-१ या जनुकातील दोष १९९३ मध्ये सापडला होता. त्या दोषामुळे होणाऱ्या एएलएससाठी टोफर्सेन या औषधास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. असे रुग्ण थोडेच आहेत. तथापि, कारण ओळखून त्यावरच घाव घालण्याचा मार्ग या रोगातही खुला झाला आहे.

बालपणी दिसणारे प्रकार

ट्यूबरस स्क्लेरोसिसचे वर्णन बूर्नव्हिल यांनी १८८० मध्ये केले. सुमारे सहा हजार जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. त्वचेवर पानाच्या आकाराचे फिके डाग, फिट्स, विकासातील विलंब आणि मेंदू, हृदय व मूत्रपिंडांतील गाठी ही त्याची लक्षणे होत. टीएससी-२ हे जनुक १९९३ मध्ये, तर टीएससी-१ हे १९९७ मध्ये ओळखले गेले. पेशींच्या वाढीस लगाम घालणारी ही जनुके बिघडली की एमटॉर नावाची यंत्रणा अनिर्बंध चालते. हे समजल्यामुळेच त्या यंत्रणेस रोखणारे एव्हरोलिमस हे औषध २०१० पासून मेंदूतील विशिष्ट गाठींसाठी वापरात आले. फिट्स सुरू होण्यापूर्वीच व्हिगाबॅट्रिन द्यावे का, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात त्यामुळे फिट्स लांबल्याचे दिसले. अमेरिकेतील नंतरच्या चाचणीत बौद्धिक विकासात मात्र फरक आढळला नाही.

मेशियल टेम्पोरल स्क्लेरोसिसमध्ये स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आकसतो व कठीण होतो. त्यामुळे होणारे अपस्माराचे झटके बऱ्याचदा औषधांना दाद देत नाहीत. अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रिया परिणामकारक आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत शस्त्रक्रिया केलेल्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. औषधांना दाद न देणाऱ्या विविध प्रकारच्या अपस्माराच्या ११६ मुलांवर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही प्रमाणे अनुक्रमे ७७ व ७ टक्के होती.

त्वचेचे काठिण्य

सिस्टिमिक स्क्लेरोसिसची सुरुवात बहुधा थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याने होते. पुढे त्वचा ताठरते, गिळण्यास त्रास होतो आणि फुप्फुसांत तंतू साचून श्वास अपुरा पडतो. विशिष्ट प्रतिपिंडे, नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांची तपासणी आणि फुप्फुसांचे सूक्ष्म सीटी चित्रण यांवर निदान होते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांमुळे सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णही ओळखता येऊ लागले. मायकोफिनोलेट व २०१९ मध्ये मान्यता मिळालेले निन्टेडॅनिब यांमुळे फुप्फुसांची हानी मंदावते. दगडखाणी व दगडफोडीच्या कामात श्वासावाटे जाणारी सिलिकाची धूळ या रोगाचा धोका वाढविते. हा प्रश्न रुग्णालयाइतकाच कामगार-सुरक्षेच्या अंमलबजावणीचाही आहे.

भारतातील चित्र : दुर्मीळ की अनोळखी?

मल्टिपल स्क्लेरोसिस भारतात जवळजवळ आढळत नाही, असे मत अनेक दशके प्रचलित होते. मुंबईतील संशोधनाने त्यास धक्का दिला. १९८० च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजात झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आढळले. डॉ. नोशीर वाडिया व सहकाऱ्यांचा पारशी समाजावरील अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच काळात, १९८५ मध्ये, मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. बेंगळुरूसह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. एमआरआयची सोय जसजशी पसरली, तसतसे अन्य समाजांतील रुग्णही दिसू लागले. रोग किती वाढला आणि तो ओळखण्याची क्षमता किती वाढली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

देशभरातील रुग्णांची एकत्रित माहिती नसणे ही मोठी उणीव होती. ती दूर करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २०२१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस व तत्सम विकारांची राष्ट्रीय नोंदवही आणि संशोधनजाळे सुरू झाले. कर्नाटकात जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकार, निम्हान्स व नीती आयोग यांच्या सहभागाने मेंदू आरोग्य उपक्रम सुरू करण्यात आला. प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना अपस्मार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश व डोकेदुखी यांची ओळख व प्राथमिक उपचार यांचे प्रशिक्षण देणे हा त्याचा गाभा आहे. या यादीत स्क्लेरोसिसचा नामोल्लेख नसला, तरी चेताविकाराची शंका गावपातळीवरच यावी आणि रुग्ण योग्य ठिकाणी पाठविला जावा, हे तत्त्व येथेही लागू पडते. चेताविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असताना त्याला पर्याय नाही.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील फट

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीस केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत दीर्घकालीन चेताविकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन यांचा नावानिशी समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तींना शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के आरक्षण कलम ३२ ने दिले आहे.

शासकीय नोकऱ्यांतील किमान चार टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये येते. तेथे दृष्टिदोष, श्रवणदोष, हालचालीचे अपंगत्व, तसेच स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार आणि बहुविकलांगता हे गट नमूद आहेत. दीर्घकालीन चेताविकारांचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. म्हणजे एका कलमाने महाविद्यालयाचे दार उघडलेल्या विद्यार्थिनीला नोकरीच्या दारात मात्र आपला आजार कोणत्या गटात बसतो, हे सिद्ध करावे लागते. मल्टिपल स्क्लेरोसिसची लक्षणे कमी-जास्त होत असल्याने आणि थकवा प्रमाणपत्रात सहजी मोजला जात नसल्याने ही अडचण वाढते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांवरील अपंगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

समारोप

१८९८ मध्ये प्लेगने बेंगळुरूच्या प्रशासनाला शहराची नव्याने आखणी करावयास लावली आणि बसवनगुडीचे रुंद रस्ते त्यातून उभे राहिले. शंभरहून अधिक वर्षांनंतर त्याच परिसरातील रहिवाशांना आणि देशातील अन्य नागरिकांना भेडसावणारे अनेक विकार साथीसारखे एकदम दिसत नाहीत. ते एकेका घरात, एकेका तरुण व्यक्तीत शांतपणे सुरू होतात. त्यांच्यासाठी लागणाऱ्या पायाभूत सुविधा वेगळ्या आहेत : शंका घेऊ शकणारा प्राथमिक डॉक्टर, आवाक्यातील एमआरआय, विश्वासार्ह प्रतिपिंड-चाचणी, परवडणारे औषध, राष्ट्रीय नोंदवही आणि आजार लपवावा लागणार नाही असा कायदा.

स्क्लेरोसिसच्या संशोधनाचा दीडशे वर्षांचा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवितो. जेथे रोगाचा नेमका प्रकार ओळखता आला, तेथे उपचाराची वाट सापडली. जेथे अनेक रोग एकाच नावाखाली राहिले, तेथे रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. पहिले लक्षण आणि अचूक निदान यांतील काळ कमी करणे हे आरोग्यव्यवस्थेच्या प्रगतीचे एक प्रामाणिक मोजमाप ठरू शकेल.

सरावासाठी प्रश्न

१. स्क्लेरोसिस या संज्ञेखाली येणाऱ्या प्रमुख विकारांतील कारणांचा फरक स्पष्ट करा.

२. मल्टिपल स्क्लेरोसिस व न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांचे स्वतंत्र निदान का आवश्यक आहे? २००४ मधील शोधाच्या संदर्भात लिहा.

३. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३२ व कलम ३४ यांची दीर्घकालीन चेताविकारांच्या दृष्टीने तुलना करा आणि सुधारणा सुचवा.

४. असंसर्गजन्य चेताविकारांच्या निदानात प्राथमिक आरोग्यसेवेची भूमिका कर्नाटकातील उपक्रमाच्या आधारे विशद करा.